अणुकेंद्र सरकारचं, तपासणारेही सरकारी. मग देखरेख स्वतंत्र कशी?

प्रश्न रास्त आहे. अनेक देशांत अणुवीज केंद्राची मालकी सरकारी कंपनीकडे असते, ऊर्जाधोरण ठरवणारं खातं सरकारचं असतं आणि सुरक्षा तपासणारी संस्थाही सरकारचीच असते. मग त्या देखरेखीला स्वतंत्र म्हणायचं कशाच्या बळावर? ती संस्था रोज नेमकं करते काय? आणि जिथे अण्वस्त्रांसाठीचं काम चालतं, जिथे आत पाऊल टाकायलाच परवानगी लागते, तिथे कोण तपासतं?

माझी बरीच वर्षं सुरक्षा अहवाल वाचण्यात, त्यांवर शंका काढण्यात आणि त्या शंकांची उत्तरं हाती पडेपर्यंत मागे लागण्यात गेली आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि टेबलाच्या तपासणाऱ्या बाजूने लिहिलेलं असेल, हेही लक्षात घ्या.

आधी एक उदाहरण. ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एएसएनने, ईडीएफ या वीज कंपनीला पाच भट्ट्या ठरलेल्या वेळेआधीच थांबवून तपासणी करायला सांगितलं. काही स्टीम जनरेटरच्या (भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या पात्रांच्या) तळाच्या घडीव पोलादात कार्बन अपेक्षेपेक्षा जास्त आहे असं निघालं होतं. असं पोलाद ठिसूळपणाकडे झुकतं आणि त्यात तडा गेला तर तो पसरायला वेळ लागत नाही. ईडीएफची बहुतांश मालकी फ्रेंच सरकारची होती, हिवाळा तोंडावर होता आणि त्या देशाची तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वीज अणुभट्ट्यांतून येत होती. म्हणजे सरकारी संस्थेने सरकारी कंपनीचं उत्पादन ऐन गरजेच्या वेळी रोखलं. त्यासाठी मंत्र्याची सही लागली नाही. एएसएनला २००६ च्या कायद्याने स्वतंत्र प्रशासकीय प्राधिकरणाचा दर्जा मिळाला होता. तिच्या पाच आयुक्तांपैकी तिघांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, एकेक जण संसदेच्या दोन सभागृहांचे अध्यक्ष निवडतात. मुदत सहा वर्षांची, आणि ती पुन्हा मिळत नाही. फेरनेमणूकच नसल्यामुळे कुणाला खूश ठेवण्याचं कारण उरत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी केलेली ही साधी व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

सरकारबाहेरच्या कुणाला हे काम देता येत नाही, कारण भट्टी बंद करायला लावण्याचा अधिकार कायद्यातूनच येतो. प्रश्न उरतो तो सरकारच्या आतली भिंत कुठे घालायची याचा. वीज किंवा प्लुटोनियम वेळेत तयार व्हावं अशी ज्यांची जबाबदारी आहे, त्यांच्या हाताखाली तपासणारे नसावेत, एवढं किमान. अणुसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात (तो १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू आहे) आठव्या कलमात हेच सांगितलंय: अणुऊर्जेचा प्रसार करणारी यंत्रणा आणि नियमन करणारी यंत्रणा प्रभावीपणे वेगळ्या ठेवा. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने स्थापन झालेला अणुऊर्जा आयोग दोन्ही कामं करत होता. १९७४ च्या कायद्याने तो मोडला आणि जानेवारी १९७५ पासून नागरी भट्ट्यांचं नियमन न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशन म्हणजे एनआरसीकडे आलं. ब्रिटनमध्ये ऑफिस फॉर न्यूक्लियर रेग्युलेशनला स्वतंत्र वैधानिक दर्जा मिळायला २०१४ उजाडलं. जपानमध्ये तर त्यासाठी अपघात व्हावा लागला. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता करारातलं नववं कलम. सुरक्षेची मुख्य जबाबदारी परवानाधारकाची, म्हणजे केंद्र चालवणाऱ्याची. बाहेरून पाहणाऱ्यांना हे खटकतं. नियामक हात झटकतोय असं वाटतं. पण सगळी यंत्रणा याच खांबावर उभी आहे. नियामक झडपा उघडत नाही, पंप चालवत नाही, वेल्डिंग करत नाही. ते करणाऱ्यानेच ‘हे सुरक्षित आहे’ असं पुराव्यानिशी दाखवायचं असतं. पुरावा पटला तर परवाना, नाही पटला तर नाही. भट्टी असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियामकावर कधीच नसते. हा भार ज्या दिवशी गुपचूप दुसऱ्या खांद्यावर सरकतो त्या दिवसापासून देखरेख कागदावरच उरते. मला या उत्तरात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

परवाना एका झटक्यात मिळत नाही. जागा, बांधकाम, चाचण्या, इंधन भरणं, पूर्ण शक्तीवर चालवणं, अशा टप्प्याटप्प्याने संमती मिळते आणि प्रत्येक टप्प्यावर थांबा असतो. चालू केंद्रांचा बऱ्याच देशांत दर दहा वर्षांनी सगळा हिशेब पुन्हा मांडला जातो, कारण दहा वर्षांत पोलाद म्हातारं होतं आणि भूकंपाबद्दलचं ज्ञान तरुण होतं. शेवटी मोडीत काढण्यासाठीही वेगळी परवानगी लागते. ही सगळी प्रक्रिया सुरक्षा अहवालाभोवती फिरते. तो अनेक खंडांचा असतो आणि तो वाचायचं एक तंत्र असतं. नवशिका निरीक्षक उत्तरं तपासतो: तापमान मर्यादेत आहे का, दाब मर्यादेत आहे का. मुरलेला निरीक्षक गृहीतकांकडे जातो. पूर किती मीटरचा धरला? तो आकडा कुठून आला? डिझेल जनरेटर दोन आहेत, पण ते एकाच तळघरात आहेत का? त्यांचं इंधन एकाच टाकीतून येतं का? कामगाराने दहा मिनिटांत अमुक झडप बंद करावी असं लिहिलंय. अंधारात, श्वसनयंत्र लावून, त्या शिडीवरून ते जमतं का? अशा प्रश्नांच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, प्रत्येक उत्तराखाली सही.

इथे नियामकाकडे स्वतःची माणसं आणि स्वतःची गणितं लागतात. कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून आलेला निकाल कंपनीच्याच सल्लागाराने समजावून सांगितला आणि नियामकाने मान डोलावली, तर कायद्यातल्या स्वातंत्र्याचा उपयोग काय? म्हणून जिथे हे काम गंभीरपणे होतं तिथे नियामकामागे तांत्रिक संस्था असते आणि ती मोजकी पण कळीची गणितं वेगळ्या पद्धतीने करून पाहते. जर्मनीत जीआरएस आहे. फ्रान्समध्ये हे काम आयआरएसएन करत असे. जानेवारी २०२५ मध्ये ती एएसएनमध्ये विलीन करून एएसएनआर ही एकच संस्था केली. त्यावर तिथे बराच वाद झाला. तज्ज्ञांचं मत आधी वेगळं छापलं जाई आणि निर्णय नंतर येई. एकाच छताखाली ते अंतर राहील का, हा आक्षेप होता. मला तो आक्षेप हलका वाटत नाही.

कागदाइतकंच महत्त्वाचं काम प्रत्यक्ष जागेवर चालतं. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर (२८ मार्च १९७९) प्रत्येक अणुवीज केंद्रावर निवासी निरीक्षक ठेवण्याची पद्धत पक्की झाली. ते एनआरसीचे नोकर असतात पण त्यांचं कार्यालय केंद्राच्या आवारात असतं, कुठेही, कधीही, न सांगता जायची मुभा असते. एका केंद्रावर साधारण सात वर्षांहून जास्त ठेवत नाहीत. त्याच कँटीनमध्ये जेवून, त्याच शाळेच्या दारात मुलांची वाट बघून माणसं आपली होतात, आणि आपल्या माणसाच्या कामात खोट काढायला जीभ रेटत नाही.

निरीक्षक सकाळी आधी काय करतो? कंट्रोल रूममधलं रात्रपाळीचं लॉगबुक वाचतो. मग सकाळच्या बैठकीत मागे बसून ऐकतो, बोलतो कमी. मग फेरी. आकर्षक, झगमगीत पॅनेलपेक्षा मी स्वतः तीन कंटाळवाण्या गोष्टींकडे आधी जात असे: तात्पुरत्या बदलांची नोंदवही, लांबणीवर पडलेल्या देखभालीची यादी आणि बंद करून ठेवलेल्या अलार्मची यादी. तात्पुरता बदल म्हणजे, उदाहरणार्थ, गळणाऱ्या नळीला पर्याय म्हणून लावलेला होजपाइप. एका केंद्रात अशा होजवर लटकवलेल्या चिठ्ठीची शाई इतकी उडून गेली होती की तारीख वाचता येईना. वहीत पाहिलं तर मंजुरी पुढच्या शटडाउनपर्यंतची, आणि तो शटडाउन केव्हाच होऊन गेलेला. होजमुळे धोका फारसा नव्हता. पण त्या एका चिठ्ठीवरून कळलं की या विभागात कुणी शेवटपर्यंत पाठपुरावा करत नाही. मग पुढचे प्रश्न कुठे विचारायचे तेही कळलं.

त्रुटी सापडली की काय होतं? बहुतेक वेळा फार नाट्यमय काही नाही. तिचं गांभीर्य ठरवतात. एनआरसीच्या सन २००० पासूनच्या पद्धतीत हिरवा, पांढरा, पिवळा, लाल असे रंग आहेत आणि रंग गडद होत जाईल तशी तपासणी वाढते. नोटीस, जादा अटी, दंड, आणि शेवटी बंदचा आदेश. दंडाची बातमी होते म्हणून लोकांना ते मुख्य हत्यार वाटतं. मोठ्या वीज कंपनीला दंडाची रक्कम जाणवतही नाही. खरी कळ लागते ती भट्टी बंद राहण्याची, कारण बंद भट्टीचा प्रत्येक दिवस महसूल बुडवतो.

आणि म्हणूनच नियामकही तो आदेश देताना बिचकतो. याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्राचं.

२००१ च्या सुरुवातीला ओकोनी नावाच्या दुसऱ्या केंद्रात भट्टीच्या दाबपात्राच्या झाकणातून जाणाऱ्या नळ्यांना आडव्या, वर्तुळाकार तडा सापडल्या. अशी तडा पूर्ण फिरली तर नळी बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येऊ शकते. ऑगस्टमध्ये एनआरसीने तशाच बनावटीच्या, जास्त जोखमीच्या केंद्रांना ३१ डिसेंबरपर्यंत तपासणी करायला सांगितलं. डेव्हिस-बेसच्या कंपनीला ते नको होतं. इंधन बदलण्यासाठी वसंतात थांबायचंच आहे, तेव्हा बघू, असं तिचं म्हणणं. एनआरसीच्या कर्मचाऱ्यांनी बंदच्या आदेशाचा मसुदा तयार केला होता. तो निघाला नाही. तडजोड होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली.

मार्चमध्ये झाकणाची दुरुस्ती करताना लक्षात आलं की एका नळीशेजारी पोलादच नाही. भट्टीच्या पाण्यात मिसळलेलं असतं त्या बोरिक आम्लाने, गळून बाहेर येऊन, साडेसहा इंचांहून जाड पोलाद आरपार खाल्लं होतं. आत उरला होता तो गंजरोधक पोलादाचा पातळ थर, जेमतेम एक सेंटीमीटरचा. तो थर दाब पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. आणि आत वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब होता.

चिन्हं आधी दिसली नव्हती असंही नाही. कंटेनमेंटमधल्या, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीतल्या, किरणोत्सार-मापकांची गाळणी गंजाच्या बारीक कणांनी वारंवार तुंबत होती, दर एक-दोन दिवसांनी बदलावी लागत होती. हवा थंड करणाऱ्या यंत्रांवर बोरिक आम्लाची पूड साचत होती. २००० च्या शटडाउनमध्ये झाकणावरून ओघळलेल्या तांबड्या गंजाचे फोटो काढलेले होते. प्रत्येक गोष्ट कुणालातरी माहीत होती, आणि प्रत्येक गोष्टीवर काहीतरी उपाय झाला होता: गाळणी बदलली, पूड धुतली, फोटो फायलीत लावला. निवासी निरीक्षकांच्या कानावरही यातलं काही होतं.

एनआरसीच्याच महानिरीक्षकाने नंतर चौकशी केली. त्याचा निष्कर्ष असा की मुदतवाढ देताना कंपनीच्या आर्थिक तोट्याचा विचार मोठ्या प्रमाणात झाला, आणि आदेश काढण्याआधी धोका असल्याचा पक्का पुरावा हवा अशी नसलेली अट संस्थेने स्वतःवरच लादून घेतली. वर भार सरकण्याचं म्हणालो ते हेच. कायद्याने विचारायचं होतं, ‘झाकण शाबूत आहे याची तुमच्याकडे वाजवी खात्री आहे का?’ प्रत्यक्षात विचारलं गेलं, ‘झाकण फुटेलच असं आमच्याकडे काय आहे?’ केंद्र मार्च २००४ मध्ये पुन्हा सुरू झालं. एनआरसीने ५४ लाख ५० हजार डॉलरचा, त्या वेळचा तिचा सर्वांत मोठा दंड ठोठावला.

या प्रकरणातही एक गोष्ट जमेची आहे. संस्थेच्या आत महानिरीक्षक होता, त्याने आपल्याच संस्थेवर ताशेरे ओढले आणि तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला. बऱ्याच देशांत हे तिसरं घडत नाही.

जपानची गोष्ट वेगळ्या जातीची. तिथली नियामक संस्था, निसा, अर्थ-व्यापार-उद्योग मंत्रालयाखाली होती, म्हणजे अणुऊर्जा वाढवण्याचं काम असलेल्या मंत्रालयाखालीच. निसा आणि तिथलाच दुसरा, अणुसुरक्षा आयोग यांच्यातलं कामाचं वाटप स्पष्ट करा, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पाहणी पथकाने २००७ मध्ये सुचवलं होतं. टेप्को या वीज कंपनीच्या २००८ च्या अंतर्गत गणितात तिच्या फुकुशिमा दाईइची केंद्राला १५.७ मीटर उंचीपर्यंत पोचणारी सुनामी शक्य असल्याचं आलं होतं. केंद्राची रचना ५.७ मीटरसाठी होती. कंपनीने आणखी अभ्यास मागवला. तो आकडा निसाला कळवला गेला ७ मार्च २०११ रोजी. चार दिवसांनी सुनामी आली. जपानी संसदेने नेमलेल्या, कियोशी कुरोकावा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं की नियामक कंपन्यांच्या कह्यात गेले होते.

असं कह्यात जाणं पैशाच्या पाकिटातून होतं अशी समजूत आहे. मला तसा अनुभव नाही. दोन्हीकडची माणसं एकाच कॉलेजची, एकाच प्राध्यापकाच्या हाताखालची, एकच परिभाषा बोलणारी असतात. माहिती कंपनीकडे जास्त, पगारही तिकडे जास्त. आज ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्याकडे उद्या नोकरी मागायची असेल तर प्रश्न आपोआप मऊ होतो. म्हणून सप्टेंबर २०१२ मध्ये जपानने नवं प्राधिकरण, एनआरए, उभं केलं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या खात्यांत परत पाठवायचं नाही असा नियम कायद्यातच घातला. फरक पडला का? एनआरएने २०२१ मध्ये सुरक्षाव्यवस्थेतल्या ढिलाईमुळे टेप्कोला तिचं काशिवाझाकी-कारिवा केंद्र चालवायला मनाई केली आणि ती २०२३ च्या डिसेंबरपर्यंत उठवली नाही. २०२४ मध्ये त्सुरुगा केंद्राच्या दुसऱ्या भट्टीला, खाली सक्रिय भ्रंश (भूकंप घडवू शकणारी खडकातली भेग) असण्याची शक्यता नाकारता येत नाही म्हणून, परवानगी साफ नाकारली. ‘नाकारता येत नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भार पुन्हा योग्य खांद्यावर आला होता.

आता अण्वस्त्र केंद्रांचा उपप्रश्न, आणि तो मला सगळ्यात रंजक वाटतो.

एनआरसीचा अधिकार अमेरिकेच्या अण्वस्त्र कारखान्यांवर चालत नाही. ती केंद्रं ऊर्जा खात्याची. नियम खात्याचे, तपासणी खात्याची, कंत्राटदार खात्याचे. चेर्नोबिलनंतर (२६ एप्रिल १९८६) लोकांचं लक्ष हॅनफर्ड या अण्वस्त्र केंद्रातल्या, चेर्नोबिलसारखंच ग्रॅफाइट वापरणाऱ्या एन भट्टीकडे गेलं, ती १९८७ च्या जानेवारीत थांबवली गेली. सव्हाना रिव्हर या दुसऱ्या अण्वस्त्र केंद्राच्या भट्ट्यांवर प्रश्न उठले. जून १९८९ मध्ये तर रॉकी फ्लॅट्स या प्लुटोनियम कारखान्यावर एफबीआयने छापा घातला. एका सरकारी खात्याने दुसऱ्या खात्याच्या अण्वस्त्र कारखान्यात घुसावं हा प्रसंगच विलक्षण. त्याआधी १९८८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून डिफेन्स न्यूक्लियर फॅसिलिटीज सेफ्टी बोर्ड स्थापन केलं होतं. यापुढे त्याला नुसतं बोर्ड म्हणतो.

पाच सदस्य, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, सिनेटने मंजूर केलेले, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत. कर्मचारी शंभराच्या आसपास. खुद्द अण्वस्त्राची रचना आणि नौदलाच्या भट्ट्या त्यांच्या कक्षेबाहेर. गंमत अशी की बोर्डाला काहीच थांबवता येत नाही. परवाना त्यांच्या हातात नाही, दंड नाही, आदेश नाही. ते फक्त शिफारस करू शकतात. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, मग या दात नसलेल्या संस्थेचा उपयोग काय?

उपयोग कायद्यातल्या एका यंत्रणेत आहे. बोर्डाची शिफारस सरकारी राजपत्रात छापली जाते. ऊर्जामंत्र्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं: मान्य, अमान्य किंवा अंशतः मान्य. तेही छापायचं. मान्य असेल तर अंमलबजावणीचा आराखडा द्यायचा. अमान्य असेल तर कारणं द्यायची. बोर्ड पुन्हा ठाम राहिलं तर मंत्र्याने अंतिम निर्णय घेऊन काँग्रेसला कळवायचा. धोका गंभीर किंवा तातडीचा असेल तर शिफारस राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाते. म्हणजे मंत्र्याला ‘नाही’ म्हणता येतं, पण गप्प बसता येत नाही. स्वतःच्या सहीने ‘या इमारतीचा हा धोका मला मान्य आहे’ असं छापून द्यायला फारसे मंत्री उत्सुक नसतात.

लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या प्लुटोनियम इमारतीबद्दल बोर्डाने ऑक्टोबर २००९ मध्ये शिफारस केली. मोठा भूकंप होऊन आग लागली तर आवाराबाहेरच्या माणसाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा खात्याच्याच मार्गदर्शक मर्यादेच्या शंभर पटींहून जास्त जाऊ शकते, हे खात्याच्याच विश्लेषणातून निघत होतं. बोर्डाने ते पुढे आणून तातडीची उपाययोजना मागितली. त्यानंतर इमारतीतलं ज्वलनशील सामान कमी करण्यापासून भूकंपासाठीच्या मजबुतीपर्यंत कामं झाली. त्याआधी १९९४ ची एक शिफारस: शीतयुद्ध संपल्यावर उत्पादन थांबलं आणि प्लुटोनियमची द्रावणं, अर्धवट प्रक्रिया झालेलं सामान होतं तसंच टाक्यांत, पाइपांत, डब्यांत पडून राहिलं. ते स्थिर करायला कुणालाच घाई नव्हती. बोर्डाने वेळापत्रक मागितलं. आणि २०११ मध्ये हॅनफर्डच्या कचरा-प्रक्रिया प्रकल्पाबद्दल शिफारस आली ती यंत्रांबद्दल नव्हतीच. तिथे शंका मांडणाऱ्या अभियंत्यांना गप्प बसवणारं वातावरण आहे, यावर ती होती.

मोठ्या केंद्रांवर बोर्डाचे निवासी प्रतिनिधी असतात आणि त्यांचे आठवड्याचे अहवाल, गुप्त भाग वगळून, सार्वजनिक होतात. एक-दोन पानांचे, कोरडे. ‘ग्लोव्हबॉक्सचा हातमोजा फाटला, तीन कामगारांची तपासणी, कारण शोधणं चालू.’ (ग्लोव्हबॉक्स म्हणजे हातमोजे बसवलेली बंद पेटी, तिच्यात बाहेरून हात घालून प्लुटोनियम हाताळतात.) अण्वस्त्र कारखान्याबद्दल एवढं तरी नागरिकाला घरबसल्या वाचता येतं, यावर अजूनही अनेकांचा विश्वास बसत नाही.

बोर्डाची सगळी शक्ती आत जाऊन बघण्यात आहे, आणि हे खात्यालाही ठाऊक आहे. २०१८ मध्ये ऊर्जा खात्याने आदेश क्रमांक १४०.१ काढला. त्यात बोर्डाला मिळणारी कागदपत्रं आणि काही केंद्रांवरचा प्रवेश आखडता घेतला होता, शिवाय ‘जनता’ म्हणजे आवाराबाहेरची माणसं अशी व्याख्या करून आतले कामगार कक्षेबाहेर काढले होते. बोर्डाने जाहीर आक्षेप घेतला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने कायद्यातच स्पष्ट केलं की कामगारांची सुरक्षाही बोर्डाच्या कक्षेत येते आणि माहिती द्यावीच लागेल. पुढच्या वर्षी आदेश बदलला.

नागरी केंद्रं एका बाजूला आणि अण्वस्त्रांशी संबंधित काम दुसऱ्या, ही रेघ भारतातही आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालं आणि ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिलं; आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे दिल्या गेल्या. २०१२ च्या कॅग अहवालाने मंडळाच्या कायदेशीर दर्जावर बोट ठेवलं, आणि २०१५ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणी पथकाने मंडळाचं स्वातंत्र्य कायद्यात लिहा अशी शिफारस केली. मंडळातल्या तांत्रिक माणसांच्या दर्जाबद्दल मला आदर आहे. पण घरातल्या थोरल्याच्या चुका धाकट्याने काढायच्या असतील, तर धाकट्याचा खर्च थोरल्याच्या खिशातून चालू नये.

पैशाचं म्हणाल तर अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नियामकाचा बहुतांश खर्च परवानाधारकांच्या शुल्कातून निघतो. हे ऐकून लोक दचकतात. मला यात फारसं वावगं दिसत नाही, जोवर शुल्क कायद्याने ठरतं आणि कंपनीला ते अडवता येत नाही. वार्षिक अंदाजपत्रकाच्या मेहेरबानीवर चालणारा नियामक जास्त असुरक्षित असतो. उलट नेमणुकीचं संरक्षण दिसतं तेवढं भक्कम नसतं. एनआरसीचे आयुक्त पाच वर्षांच्या मुदतीवर असतात, तरी जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी क्रिस्टोफर हॅन्सन या आयुक्ताला कारण न देता काढलं. कायद्याची भिंत किती जाड आहे ते कुणी धडक दिल्यावरच कळतं.

दुसऱ्या टोकाच्या धोक्याबद्दलही लिहायला हवं. नियामकाने प्रत्येक बोल्टचा नियम लिहिला तर केंद्र चालवणारे विचार करणं थांबवतात. नियम पाळला, आमचं काम संपलं. ब्रिटिश पद्धतीत परवान्याला ३६ ठरावीक अटी असतात आणि त्या बहुधा ‘यासाठी पुरेशी व्यवस्था करा आणि ती आम्हाला पटवून द्या’ अशा स्वरूपाच्या असतात. यात कंपनीला डोकं चालवावं लागतं. पण निरीक्षकही तितकाच तयारीचा लागतो, नाहीतर ‘पुरेशी’चा अर्थ कंपनीच ठरवते. कमी अनुभवी नियामकाला मी सुरुवातीला स्पष्ट, लिखित मर्यादांची अमेरिकी पद्धतच सुचवेन.

तुमच्या भागातली देखरेख कितपत खरी आहे हे पाहायचं असेल तर नियामकाचं वार्षिक अहवालातलं प्रास्ताविक सोडून द्या. एकाच केंद्राचे लागोपाठचे पाच-सहा तपासणी अहवाल मिळतात का ते बघा. मिळालेच नाहीत तर बरंचसं उत्तर तिथेच मिळालं. मिळाले तर त्यांत तोच पंप, तीच झडप, तीच कार्यपद्धती पुन्हा पुन्हा येते का ते शोधा, आणि दर वेळी तिच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘परवानाधारकाने कार्यवाही पूर्ण केल्याचे कळवले आहे’ असं असेल तर नियामकाने ऐकून घेतलंय. ‘निरीक्षकाने जागेवर खात्री केली’ असं असेल तर कुणीतरी शिडी चढून वर गेलं होतं.